इंजिनापर्यंत

लंडनहून निघालेल्या आमच्या गाडीनं एब्सफ्लीट स्टेशन मागे टाकलं आणि माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून आश्लेषा बोलली. माझी मुलगी. "गुड मॉर्निंग लेडीज अँड जेंटलमेन, धिस इज युअर ड्रायव्हर, माय नेम इज ॲश." मग पॅरिसचं हवामान, मग पोचायची वेळ, मग थोड्याच वेळात आपण ताशी तीनशे किलोमीटरचा वेग गाठू हे, आणि मग तेच सगळं फ्रेंचमध्ये, सावकाश, एकेक शब्द नीट पुसून ठेवल्यासारखं. इंग्लिश बोलताना तिचा यॉर्कशरचा आखूड 'अ' लागतो, तो लागलाच. फ्रेंच मला कळत नाही, पण वाक्य संपवताना ती एक बारीक श्वास घेते, तो कळला. माझ्या हातात कॉफीचा कागदी कप होता, तो मी टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. पस्तीस वर्षं लोकांना भूल देण्यात गेली, माझे हात हलत नाहीत. खिडकीबाहेर मात्र बघत राहावं लागलं, आणि बाहेर बघण्यासारखं केंटचं एक शेत होतं, ते बघेपर्यंत गेलं.

समोर स्वाती आणि ज्ञानेश्वर बसले होते. स्वाती लीड्सला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होती, तिचा नवरा ज्ञानेश्वर सायकियाट्रिस्ट, आणि मी तिथल्याच हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट. तिघंही आता रिटायर. आमची ओळख तिथल्या मराठी मंडळातली, तीस वर्षांची, म्हणजे जवळजवळ नात्याइतकी जुनी आणि नात्याइतकीच ताप देणारी. स्वातीच्या रिटायरमेंटचं सेलिब्रेशन म्हणून तिघांनी दोन दिवस पॅरिसला जायचं ठरलं होतं. मी आधी नको म्हटलं होतं. का नको, ते सांगता आलं नाही, म्हणून निघाले. पॅरिसला जाणाऱ्या गाड्या दिवसाला पंधरा-सोळा, त्यांचे ड्रायव्हर शेकड्यांनी, आपलीच मुलगी आपल्याच गाडीवर कशाला असेल, असा हिशेब मी केला होता. माझे असे हिशेब नेहमीच सुंदर असतात.

"अगंबाई, बाई चालवतेय!" स्वाती म्हणाली. "ज्ञानेश्वर, ऐकलंत का?"

"ऐकलं. आता सीटबेल्ट कुठे आहे तेवढं बघ."

"गप्प बसा हो. किती छान बोलली. टू लँग्वेजेस, आणि कसली कॉन्फिडंट!" मग ती माझ्याकडे वळली. "उल्का, तुझी आश्लेषा या रेल्वेवाल्यांकडेच ना गं कन्सल्टंट? ओळखत असेल ती हिला."

एका सेकंदाचा प्रश्न होता. 'ओळखते' म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. मी म्हणाले, "ती ऑफिसात असते. ड्रायव्हर लोकांशी तिचा फारसा संबंध येत नाही."

हे मी म्हणाले तेव्हा गाडी मेडवे नदीच्या पुलावर होती. शेजारून मोटरवे जातो. त्यावरच्या गाड्या सत्तर मैलांच्या स्पीडनं जात असतील, पण आमच्या खिडकीतून त्या मागे मागे सरकत होत्या. ज्ञानेश्वर लहान मुलासारखा काचेला नाक लावून "बघ, बघ तो जॅग्वार मागे पडला" म्हणत होता. खाली नदी, चिखलात बसलेल्या होड्या, वर स्वच्छ मे महिन्याचं ऊन, आणि टेबलावरच्या कॉफीवर सुरकुतीसुद्धा नाही. तीनशेचा वेग म्हणे. मला फक्त इतकं समजत होतं की अठरा डबे, साडेसातशे माणसं आणि त्यांच्या बॅगा माझी मुलगी घेऊन चालली आहे आणि त्यातली एक बाई सोळाव्या डब्यात बसून तिला नाकारते आहे. खोटं मी पूर्वीही बोलले होते, पण घरी बसून. तिच्याच गाडीत तिकीट काढून बसून बोलायची ही पहिलीच वेळ होती.

आश्लेषा ग्लासगोला मेडिसिनला होती. तिसऱ्या वर्षी तिनं फोन केला आणि शशी, माझा नवरा, आणि मी रात्रीतून गाडी हाणत तिथे गेलो, काहीतरी भयंकर झालंय असं समजून. भयंकर काही नव्हतं. ती खोलीत बसून टोस्ट खात होती. म्हणाली, "मी सोडते. मला लोक आवडतात. आजारी लोक नाही आवडत." शशीला हसू आलं, मला आलं नाही. मी तिला तासभर समजावलं, मग रागावले, मग रडले, आणि हे सगळं करताना मला डोळ्यांसमोर मंडळाचा हॉल दिसत होता. इथल्या डॉक्टर लोकांत मुलांचं काय चाललंय हा प्रश्न तब्येतीच्या आधी विचारतात. कार्डिऑलॉजी, डेंटिस्ट्री, अगदीच नाही तर लॉ. कुणाचा मुलगा नाटकात गेला तर त्याची आई दोन वर्षं गणपतीला येत नाही. पुढे आश्लेषानं काही किरकोळ नोकऱ्या केल्या, आणि एक दिवस जेवताना सांगितलं की तिला क्रॉयडनच्या बाजूच्या गाड्यांवर ट्रेन ड्रायव्हर म्हणून घेतलं आहे. चारशे लोकांतून बारा निवडले, त्यातली ती एक. शशी उठला आणि तिला जवळ घेतलं. मी वरणाचं पातेलं उचलून आत गेले, गरम करायला. ते गरमच होतं.

मला ती गोष्ट का झोंबली ते मला तेव्हाही माहीत होतं, उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. माझे वडील अकोल्याला सिव्हिल सर्जन होते. त्यांची सरकारी जीप होती आणि ती चालवणारे भाऊराव आमच्या बाहेरच्या पायरीवर बसून चहा पीत. त्यांचा कप वेगळा असे, तो मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला. कुणी मुद्दाम काही शिकवलं नाही, पण तो कप घरातल्या कपांत मिसळायचा नाही हे मला चौथ्या वर्षीच कळलं होतं. एकाहत्तर साली मी दोन बॅगा घेऊन हीथ्रोला उतरले, तेव्हा सामानाबरोबर तो कपही आला असणार. इथे मला कितीतरी जणांनी त्या कपातून चहा पाजला. एका सर्जननं सहा महिने मला नर्स समजून ट्रॉली ढकलायला लावली होती. तरी मी तो टाकला नाही. जपून ठेवला आणि एक दिवस स्वतःच्या मुलीपुढे केला.

शशी दोन हजार एकमध्ये गेला. त्यानंतर चारेक वर्षांनी आश्लेषा या पॅरिसच्या गाड्यांवर आली. त्यासाठी तिनं फ्रेंच शिकलं, कारण समुद्राखालचा बोगदा ओलांडला की तिकडच्या सिग्नलवाल्यांशी फ्रेंचमध्येच बोलावं लागतं, आणि तिथे साधारण कळून चालत नाही, नेमकं कळावं लागतं. तिच्या क्रॉयडनच्या फ्लॅटवर मी एकदा राहिले होते तेव्हा भिंतभर कार्डं चिकटवलेली होती, ब्रेकला काय, धुराला काय, रुळावर जनावर आलं तर काय म्हणायचं. स्वयंपाक करता करता ती मला सांगत होती की इतक्या वेगात बाहेरचा सिग्नल वाचताच येत नाही, म्हणून आकडे समोरच्या पट्टीवर येतात. तू जागी आहेस हे गाडीला सारखं कळवत राहावं लागतं, नाही कळवलंस तर ती स्वतःच ब्रेक लावते. थांबायचं तर तीन-साडेतीन किलोमीटर आधी ठरवावं लागतं. "आई, म्हणजे मी नेहमी जे दिसत नाही त्याच्यासाठी चालवते," ती म्हणाली. मी "हं" म्हटलं आणि विचारलं, कांदा एवढा जाड का चिरलास. आज सोळाव्या डब्यात ते वाक्य मला जसंच्या तसं आठवलं. मी ऐकलं होतं तर.

मंडळाची स्मरणिका निघते दिवाळीत. त्यात 'आपली मुलं' म्हणून दोन पानं असतात, नाव आणि पुढे कर्तबगारी. दोन हजार सहाच्या अंकासाठी स्वातीनंच माहिती मागवली होती. मी आश्लेषाच्या नावापुढे 'ट्रान्सपोर्ट कन्सल्टंट' लिहून पाठवलं. आमच्या जगात कन्सल्टंट म्हणजे शेवटची पायरी. ती चढायला मला चौदा वर्षं लागली होती, मुलीला मी ती एका ईमेलमध्ये चढवली. मराठी तिला येतं ते माझ्यामुळेच, शनिवारी सकाळी कार्टून बंद करून मी तिला बाराखडी शिकवली होती. नाताळात ती घरी आली, स्मरणिका कॉफी टेबलवर होती. तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं, क ला न जोडत, न ला स जोडत. मी समोर बसून तो शब्द तिच्या तोंडात हळूहळू तयार होताना बघत होते आणि उठून अंक काढून घ्यायचंही मला सुचलं नाही. तिनं मान वर केली. "आई, ही कोण आहे?" एवढंच विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती.

त्यानंतर दीड वर्ष ती दर रविवारी फोन करते. माझं ब्लडप्रेशर, बागेतलं गवत, बॉयलरची सर्व्हिस. तिच्या कामाचं विचारलं की "फाइन" म्हणते. आधी जी मुलगी कांदा चिरता चिरता रुळांबद्दल बोलायची, तिनं ते दार लावून घेतलं. भांडली असती तर मी भांडले असते, त्यात मी वाकबगार आहे. या नम्रपणाचं काय करायचं ते मला कळलं नाही. गेल्या महिन्यात म्हणाली की ती फ्रान्समधल्या लीलला राहायला जाते आहे, तिकडच्या डेपोतून काम करणार, जूनपासून. "कुणाबरोबर?" मी विचारलं. "आय विल टेल यू लेटर, आई." ते लेटर कधी येणार नाही हे दोघींनाही कळलं. मला भीती वाटते ती याची. ती भेटत राहील, फुलं पाठवेल, मी पडले तर धावत येईल, आणि मला तिच्याबद्दल काहीही माहीत नसेल.

गाडी बोगद्यात शिरली. कान जरा दडपले, खिडकीत आमचे तिघांचे चेहरे आले. स्वाती म्हणाली, "वर समुद्र आहे, कल्पना कर," आणि ज्ञानेश्वरनं डोळे मिटले. त्याला बोगद्याची धास्ती आहे हे बायकोखेरीज फक्त मला माहीत आहे. वीस मिनिटं लागतात. वेग कमी केलेला होता, तोही कधी केला ते मला कळलं नव्हतं, आणि मी लक्ष देऊन बसले होते. तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या कामाचं कौतुक वाटलं. आईला मुलीचं वाटतं तसलं नाही ते, तिथे गोडवा फार असतो. एका ॲनेस्थेटिस्टला दुसऱ्याचं वाटतं तसं. पेशंटला भुलेत खाली नेणं कुणालाही जमतं. मधला वेळ सांभाळणं आणि मग हळूच वर आणणं, तिथे हात दिसतो. सर्जनला लोक चॉकलेटं आणतात, आमची नावंही त्यांना ठाऊक नसतात. मी आयुष्यभर त्यावर कुरकुर केली आणि आयुष्यभर मनातून मला तेच आवडत आलं: पडद्यामागे, यंत्राशेजारी, आकड्यांवर डोळा ठेवून एकटीनं बसणं आणि एक जीव आपल्या हवाली असणं. शशी म्हणायचा, तू माणसांत असतेस तेव्हा तोडतेस आणि माणूस झोपला की त्याच्यावर किती माया करतेस. तिथे पुढे, त्या अंधारात, काचेमागे एकटी बसलेली आश्लेषा कुणावर गेली आहे, हा प्रश्न मी पंधरा वर्षं विचारत होते. शशीवर, त्याच्या बहिणीवर, इथल्या हवेवर. स्वतःचं नाव मला एकदाही सुचलं नव्हतं. मी काच पुसायचा बहाणा करून डोळे पुसले. अभिमान वाटत होता, उघड सांगते. छातीत दुखेल इतका वाटत होता, आणि समोर स्वाती बॅगेतून चकलीचा डबा काढत होती.

फ्रान्स आलं ते उजेडासारखं आलं, आणि मग शेतं, विजेचे खांब, दूरवर एखादं टोकदार चर्च. गाडीनं पुन्हा वेग घेतला. ज्ञानेश्वरनं डोळे उघडून तीन चकल्या खाल्ल्या. मी तेव्हाच सांगू शकले असते. तासभर होता हातात. मी स्वातीच्या नातवाच्या शाळेबद्दल विचारलं, तिच्या सुनेला नावं ठेवू दिली, दोन-चार मीही ठेवली. मनात मात्र बेत चालला होता, आणि तो बेत किती चलाख होता ते ऐका. पॅरिसचं स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट. गाडी तोंड पुढे करून उभी राहते आणि बाहेर पडायला सगळ्यांना प्लॅटफॉर्मवरून इंजिनापर्यंत चालत जावंच लागतं. आमचा डबा सोळावा, म्हणजे चांगलंच अंतर. मी म्हणणार होते, तुम्ही व्हा पुढे, टॅक्सीची लाइन धरा, माझा गुडघा धरलाय, मी येते सावकाश. ते दोघं इंजिन ओलांडून गेले की मग मी आश्लेषाला गाठणार, मिठी मारणार, माफी मागणार. कुणाला काही कळायला नको. मुलगी परत मिळणार आणि स्मरणिकेतला शब्दही शाबूत.

गाडी थांबली. थांबली तेव्हाही चकलीच्या डब्याचं झाकण टेबलाच्या कडेवर होतं तिथेच राहिलं. आम्ही उतरलो. प्लॅटफॉर्मवर बॅगांच्या चाकांचा खडखडाट, पुढे लांबपर्यंत माणसांच्या पाठी. मी ठरल्याप्रमाणे गुडघा धरला. स्वाती म्हणाली, "अगं मग हळू चालू की, घाई कसली आहे," आणि माझी बॅग तिनं नवऱ्याच्या हातात दिली. ती तीस वर्षांत एकदाही मला टाकून पुढे गेलेली नाही, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. शशी गेला त्या आठवड्यात ही बाई माझ्या घरात सतरंजीवर झोपली होती. तिच्यापासून मी काय लपवत होते आणि कशासाठी? पंधरा, चौदा, तेरा. डबे उलटे मोजत आम्ही चालत होतो. गुडघा खरंच दुखायला लागला. आठव्याशी मी म्हणाले, मला जरा पाणी आणून देता का त्या स्टॉलवरून, दोघंही जा. ज्ञानेश्वर म्हणाला, "माझ्याकडे आहे," आणि बाटली काढली. मी ती प्याले. दुसरं काय करणार.

इंजिन जवळ आलं. पिवळं तोंड, त्यावर मेलेले किडे चिकटलेले, केंटचे आणि फ्रान्सचे एकत्र. बाजूचं दार उघडं होतं आणि आश्लेषा एका हातानं दांडी धरून खाली उतरत होती. खांद्यावर बॅग, केस कापलेले, कधी कापले ते मला माहीत नव्हतं. उतरल्यावर तिनं मागे वळून गाडीकडे एकदा बघितलं. थिएटरमधून निघताना मी पेशंटकडे बघायची तसं, झालं ना सगळं नीट. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. एकही माणूस तिच्याकडे पाहत नव्हता. तिनं आम्हाला अजून पाहिलं नव्हतं, आणि स्वातीची नजर टॅक्सीच्या पाटीवर होती. अजूनही सगळं लपलं असतं. मी मान खाली घालून चार पावलं टाकली असती की झालं असतं.

"स्वाती, थांब," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा आला की एक फ्रेंच बाई दचकली. "ती बघ आश्लेषा."

"अय्या, हो की! घ्यायला आली तुला?"

"नाही. तिनं आपल्याला आणलं. ती ड्रायव्हर आहे. मघाशी स्पीकरवर बोलली ती हीच."

आश्लेषानं वळून पाहिलं. आधी मला, मग स्वातीला, ज्ञानेश्वरला, आणि तिच्या चेहऱ्यावर ते रविवारचं नम्र हसू यायला लागलं. ती मला सांभाळून घेणार होती. मी जे काही सांगितलं असेल त्याला ती मान हलवणार होती, लोकांसमोर आईची शोभा नको म्हणून. ते मला बघवलं नाही.

"पण स्मरणिकेत तर कन्सल्टंट..." स्वाती म्हणाली.

"ते मी लिहिलं होतं. खोटं. ती अकरा वर्षं गाड्या चालवते. मला सांगायची लाज वाटायची."

ज्ञानेश्वरनं बॅग खाली ठेवली. स्वातीचं तोंड उघडं होतं. आश्लेषाचं हसू मात्र गेलं, आणि त्या जागी जे आलं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं: तिचा खरा चेहरा, रागावलेला.

"तू ह्या गाडीत होती?" ती म्हणाली.

"सोळाव्या डब्यात."

"आणि आता? आता नाही वाटत लाज?"

"वाटते," मी म्हणाले. "तुझी नाही."

मग तिनं खांद्यावरची बॅग काढून माझ्या हातात दिली, जड होती, आणि घड्याळ पाहिलं. "माझा दोन तास ब्रेक आहे. स्टेशनच्या मागे कॅफे आहे, तिथे सगळे ड्रायव्हर बसतात," ती म्हणाली. "तिथे लुक येणार आहे. तो पण ड्रायव्हर आहे, आई. त्याच्याच बरोबर मी लीलला जाते."

"चल," मी म्हणाले, आणि तिची बॅग घेऊन तिच्या मागून चालू लागले.